डर्बीत घोड्याला दुसरा चान्स का मिळत नाही?

परळची_पूर्वा
नमस्कार मंडळी. वीस वर्षं रोज महालक्ष्मी स्टेशनला उतरते, पण रेसकोर्सच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी इंडियन डर्बी असते, यंदा मैत्रिणीच्या बाबांकडे जादा पास होता म्हणून गेले. पैसे वगैरे काही लावले नाहीत, नुसती पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याला चिकटून उभी राहिले. घोडे इतक्या जवळून जातात की कातडीखालची शीर न शीर दिसते आणि उन्हात अंग असं चमकतं की जणू आत्ताच तेल लावलंय. एक सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस, चालता चालता घोड्याशी सारखा काहीतरी बोलत होता, घोड्याचा एक कान पूर्ण वेळ त्याच्याकडे वळलेला. मग शर्यत झाली. अडीच मिनिटं. समोरून गेले तेव्हा जमीन हलते ते पायातून कळलं.

आता प्रश्न. बाजूचे काका म्हणाले की या घोड्यांना आयुष्यात ही एकच डर्बी, पुढच्या वर्षी चालत नाही, वय गेलं. चार वर्षांच्या घोड्याचं वय गेलं?? आणि घरी येऊन वाचलं तर इंग्लंडच्या डर्बीत तीन वर्षांचे घोडे धावतात. तिकडे तीन, इकडे चार, आणि दोन्हीकडे एकदाच. असं का? आणि मुळात हे डर्बी काय प्रकरण आहे, कुणाला नीट माहिती असेल तर लिहा प्लीज, मला डोक्यातून जातच नाहीये.

घोरपडी_एक्सप्रेस
ताई, तीस वर्षं रेस बघतोय, पुण्याचा सीझन एकही चुकवलेला नाही, त्यामुळे थोडं सांगू शकतो. बाकीच्या बहुतेक रेस हँडिकॅप असतात, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात, खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून, म्हणजे सगळे जवळजवळ एका पातळीवर येतात आणि शर्यत रंगते. डर्बीत तसं नाही. सगळे एकाच वयाचे, सगळ्यांवर एकच वजन, फक्त घोडीला दीड किलोची सूट. अंतर २४०० मीटर. म्हणजे त्या वर्षी जन्मलेल्या शिंगरांमध्ये सगळ्यात भारी कोण, एवढा एकच प्रश्न. बोर्डाची परीक्षा समजा, पण एटीकेटी नाही.

बावधनचा_बाळ
फेरपरीक्षा जुलैत ठेवा म्हणावं 😀

घोरपडी_एक्सप्रेस
@बावधनचा_बाळ, हसू नका, तसं जवळजवळ आहेच! डिसेंबरात महालक्ष्मीला १६०० मीटरची इंडियन टू थाउजंड गिनीज, फेब्रुवारीत डर्बी, आणि मग पावसाळ्यात पुण्याला २८०० मीटरची सेंट लेजर. तिन्ही मारल्या तर ट्रिपल क्राउन. एका घोड्याने १६०० ला वेग दाखवायचा आणि २८०० ला दम दाखवायचा, हे फार थोड्यांना जमतं. पण तिन्हीतली कुठलीच दुसऱ्यांदा पळता येत नाही हे खरं.

सरेतली_सुमन
मी इंग्लंडातल्या एप्समपासून, जिथे तिकडची डर्बी होते, वीस मिनिटांवर राहते त्यामुळे या धाग्यावर लिहिणं भागच आहे. डर्बीचा उगम इथलाच. १७७९ मध्ये बारावे अर्ल ऑफ डर्बी आणि त्यांचे मित्र यांनी तीन वर्षांच्या घोड्यांच्या मादीसाठी शर्यत काढली, तिला नाव दिलं ओक्स, कारण अर्लच्या एप्समजवळच्या बंगल्याचं नाव ओक्स. पुढच्या वर्षी नर मादी दोघांसाठी शर्यत काढायची ठरली तेव्हा नाव अर्लचं द्यायचं की सर चार्ल्स बनबरी यांचं, यावर म्हणे नाणं उडवलं आणि अर्ल जिंकले. नाण्याची गोष्ट ही सांगोवांगीच, पण ४ मे १७८० ला पहिली डर्बी झाली आणि ती जिंकली कुणी, तर बनबरींच्या डायोमेड घोड्याने, हे मात्र पक्कं. तेव्हा अंतर एकच मैल होतं, दीड मैल झालं १७८४ पासून.

एप्समचा ट्रॅक बघितलात तर म्हणाल असल्या जागी घोडे कोण पळवेल. सुरुवातीलाच चाळीस मीटरच्या आसपास चढ, मग टॅटनम कॉर्नरच्या वळणाकडे सुसाट उतार, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात जमीन एका बाजूला कललेली. ज्या घोड्याचा तोल जातो तो तिथेच संपला. मधली टेकडी सगळ्यांना खुली, तिकीट नाही, लोक चादरी टाकून डबे उघडून बसतात. पहिल्या वर्षी गेले तेव्हा मी पण ठेपले नेले होते, शेजारच्या आजींनी दोन मागून घेतले.

बावधनचा_बाळ
म्हणजे नाणं उलटं पडलं असतं तर आज महालक्ष्मीला इंडियन बनबरी झाली असती. इराण्याकडे जाऊन मागवतोय असं वाटलं असतं. एक बनबरी मस्का मारके.

परळची_पूर्वा
😂😂 बाळदादा! सुमनताई, डायोमेडचं पुढे काय झालं?

सरेतली_सुमन
त्याची कथा पण ऐकण्यासारखी आहे. जिंकल्यावर काही वर्षांत त्याचा भाव पडत गेला, पैदाशीसाठीही कुणी फारसं विचारेना, शेवटी एकवीस वर्षांचा असताना १७९८ मध्ये पन्नास गिनीला अमेरिकेत विकला. म्हणजे जवळजवळ भंगारात. आणि तिथे गेल्यावर त्या म्हाताऱ्याचा असा वंश वाढला की अमेरिकेतल्या पुढच्या कितीतरी नामांकित घोड्यांच्या रक्तात तो आहे. १८०८ ला गेला. एकतीस वर्षांचा होऊन.

कोथरूड_कट्टा
सगळं ठीक, पण कुणीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोलतो. शेवटी हा जुगार आहे. माझे आजोबा गिरणीत होते, चिंचपोकळीला खोली. पगाराच्या शनिवारी आजी खालच्या नाक्यावर जाऊन उभी राहायची, ते परस्पर रेसला जाऊ नयेत म्हणून. तरी जायचे. एकदा वडिलांची शाळेची फी घेऊन गेले आणि चालत परत आले, ट्रामचे पैसे पण उरले नव्हते. वडील त्या वर्षी नापास नाही झाले, शाळेतूनच काढलं त्यांना. त्यामुळे आमच्या घरात रेस हा शब्द काढत नाहीत. तुम्ही इतिहास म्हणता, तर हा पण इतिहासच आहे.

घोरपडी_एक्सप्रेस
@कोथरूड_कट्टा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते कुणी खोडू नये. मी पण असे लोक बघितलेत. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही असा निकाल दिला. पण कोर्टाने कौशल्य म्हटलं म्हणून ज्याच्याकडे ते नाही त्याचा पगार वाचत नाही. मी स्वतः एक नियम केलाय, खिशात शंभराच्या पाच नोटा, त्या संपल्या की नुसतं बघायचं. खरं सांगू, नुसतं बघायला लागल्यावरच मला घोडे कळायला लागले.

परळची_पूर्वा
कट्टादादा, लिहिलंत ते बरं केलंत. मला चिंचपोकळीतून महालक्ष्मी इतकं जवळ आहे हे कधी अशा अर्थाने लक्षातच आलं नव्हतं.

बडोद्याची_लेक
धागा वाचून राहवलं नाही. मी मूळची बडोद्याची, आता नाशिकला. आमच्या बडोद्याशिवाय भारतातल्या डर्बीची गोष्ट पुरी होऊच शकत नाही.

महालक्ष्मीची पहिली इंडियन डर्बी १९४३ ची. जिंकली प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या घोडीने, मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, वर जॉकी एडगर ब्रिट, ऑस्ट्रेलियाचा. आता पुढे ऐका. १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये एका वर्षाच्या शिंगराचा लिलाव झाला. ते शिंगरू म्हणजे त्याच साली डर्बी जिंकलेल्या दांते घोड्याचा सख्खा भाऊ, आई तीच आणि बाप तोच. महाराजांनी त्याला २८,००० गिनी मोजल्या, तोवर एक वर्षाच्या शिंगराला एवढी किंमत कुणीच दिली नव्हती. आणि नाव काय ठेवलं? सयाजीराव! आजोबांचं नाव. विचार करा, इंग्रज निवेदक लाउडस्पीकरवर सयाजीराव, सयाजीराव करून ओरडतोय.

१९४७ ची एप्सम डर्बी. सयाजीराव तिसरा आला. भावासारखी डर्बी काही त्याच्या नशिबात नव्हती आणि वर धागाकर्तीने विचारलंय तसं, दुसरा चान्स नाही. पण त्याच उन्हाळ्यात त्याने आयरिश डर्बी मारली आणि सप्टेंबरात डॉन्कास्टरला सेंट लेजर, अगदी मानेच्या नाही तर नुसत्या डोक्याच्या फरकाने. वर परत एडगर ब्रिटच. देश स्वतंत्र होऊन महिना झाला होता आणि तिकडे इंग्लंडातली सगळ्यात जुनी क्लासिक, म्हणजे डर्बीसारखी सगळ्यात मानाची, शर्यत सयाजीराव नावाचा घोडा जिंकत होता. माझे आजोबा ही गोष्ट सांगताना उठून उभे राहायचे.

इतिहास_वेडा
@बडोद्याची_लेक जबरदस्त. पैशाच्या बाजूनेही बोललं पाहिजे मात्र, संस्थानातल्या रयतेच्या पैशातून २८,००० गिनीचं शिंगरू, यावर त्या काळीही टीका झाली होती आणि ती रास्त होती.

पण एप्समची डर्बी हुकली ती बडोद्याची, शेजारच्या राजपीपळ्याची नाही! १९३४ ची डर्बी राजपीपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांच्या विंडसर लॅडने जिंकली. आपल्या नंदुरबारकडून तापी ओलांडून उत्तरेला गेलं की राजपीपळा. कोलंबो नावाचा घोडा तेव्हा फेव्हरिट होता, सगळ्या इंग्लंडचा पैसा त्याच्यावर, तो तिसरा आला. महाराजांनी नंतर तोच विंडसर लॅड एका बुकीला ५०,००० पौंडांना विकला आणि घोड्याने सेंट लेजर बुकीच्या मालकीचा असताना जिंकली.

आणि पुणेकरांनो, आगाखान पॅलेस कुणाचा? तिसऱ्या आगाखानांचा. त्यांनी एप्सम डर्बी पाच वेळा जिंकली, १९३०, ३५, ३६, ४८ आणि ५२. त्यातला ३५ चा बहराम तर जन्मात एकही शर्यत हरला नाही, ट्रिपल क्राउन घेऊनच निवृत्त झाला. आपण त्या पॅलेसला गांधीजी आणि कस्तुरबांमुळे ओळखतो, तसंच ओळखावं, पण ही पण एक बाजू आहे.

मावळचा_गडी
थरोब्रेडचं, म्हणजे या रेसच्या जातीच्या घोड्यांचं, कौतुक चाललंय तर आमच्या भीमथडीचं पण नाव घ्या. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजलं असं म्हणतो आपण, ती तट्टं २४०० मीटर नाही, दिवसाला कैक कोस पळायची, मिळेल तो चारा खाऊन. अडीच मिनिटांत दम संपणाऱ्या घोड्याला लढाईत कोण नेईल?

घोरपडी_एक्सप्रेस
@मावळचा_गडी दोन वेगळी कामं आहेत साहेब. मोटारसायकल आणि ट्रॅक्टरची तुलना नको. आणि गंमत म्हणजे भीमथडीत पण अरबी रक्त आहे आणि थरोब्रेडमध्ये पण.

इतिहास_वेडा
बरोबर. जगातले सगळे थरोब्रेड बापाकडून तीनच घोड्यांपर्यंत जातात. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन. डार्ली अरेबियन १७०४ मध्ये सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडला गेला. आणि मुंबई तर अरबी घोड्यांची मोठी बाजारपेठ होती, आखातातून जहाजं भरून घोडे यायचे. शर्यती आधी भायखळ्याला व्हायच्या, महालक्ष्मीचा ट्रॅक नंतरचा, पाणथळ जमीन भरून १८८३ मध्ये केलेला.

सातारी_पशुवैद्य
उशिरा आलो, दवाखान्यात गाय अडली होती. पूर्वाताईंच्या मूळ प्रश्नाकडे कुणी वळेना म्हणून लिहितो. वयाची अट कशाला, याचं सगळ्यात चांगलं उत्तर १८४४ च्या एप्सम डर्बीत आहे.

त्या वर्षी रनिंग रेन नावाचा घोडा पहिला आला. लोकांना शंका, हा तीन वर्षांचा दिसत नाही. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीश म्हणाले वाद कशाला घालता, घोडा हजर करा, दात बघू. तर घोडाच गायब! शेवटी निघालं की तो मॅकेबियस नावाचा चार वर्षांचा घोडा होता, नाव बदलून उतरवलेला. डर्बी मग दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोला दिली.

आता दातांचं. घोड्याच्या पुढच्या दातांपैकी मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी पडून पक्की येते, तिच्या बाजूची साडेतीनला आणि कडेची साडेचारला. त्यामुळे तोंड उघडलं की तीन आणि चार लपत नाही. आमच्याकडे बाजारात बैल घेताना म्हातारा माणूस आधी जबड्यात बोट घालतो, तेच. या वयात एक वर्ष म्हणजे केवढा फरक, तर नववीतल्या पोराला कॉलेजच्या पोराबरोबर कुस्तीला उतरवल्यासारखं. म्हणून एकाच वयाचे.

आणि दुसऱ्यांदा का नाही? कारण डर्बी ही पैदाशीची निवड आहे. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ मालक हेच बघत आलेत की लहान वयात, दीड मैलावर, सारख्या वजनात कोण टिकतो, त्याचा वंश वाढवायचा. एप्समला तर खच्ची केलेला घोडा चालतच नाही, कारण जिंकून उपयोग काय. तोच घोडा परत परत पळवून काही नवीन कळत नाही, पुढच्या वर्षीची शिंगरं बघायची.

कोथरूड_कट्टा
डॉक्टर, पण एवढ्या कोवळ्या वयात पळवणं हाडांना बरं का? विचारायचंय म्हणून विचारतो, भांडायचं नाहीये.

सातारी_पशुवैद्य
चांगला प्रश्न. दोन वर्षांच्या घोड्याला नळीचं दुखणं, म्हणजे पुढच्या पायाच्या नळीच्या हाडाला सूज, हे फार दिसतं. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरची वाढीची रेषा दोन ते अडीच वर्षांपर्यंत बंद होते, चांगला ट्रेनर त्याआधी एक्स-रे काढतो आणि घाई करत नाही. उलट नुसतं बांधून ठेवणंही वाईट, हाड कामानेच घट्ट होतं. प्रश्न मोजून काम देण्याचा आहे. ते सगळीकडे होतं असं मी म्हणणार नाही. मी मोडलेले पाय बघितलेत आणि त्या वेळी टेबलाशी उभं राहणं काय असतं ते इथे लिहिणार नाही. चाबकाचे नियम ब्रिटनमध्ये आता कडक आहेत, सपाटीच्या शर्यतीत सहापेक्षा जास्त वेळा मारता येत नाही. अजून कमी झाले तर मला आनंदच आहे.

सरेतली_सुमन
एप्समला टॅटनम कॉर्नरपाशी एमिली डेव्हिसनची पाटी आहे. १९१३ च्या डर्बीत स्त्रियांच्या मताधिकारासाठी ती ट्रॅकवर उतरली, राजाच्या अँमर घोड्याने उडवलं, चार दिवसांनी गेली. घोडा उठून पुढे पळाला, जॉकी जखमी झाला. दरवर्षी मी आधी तिथे जाते मग टेकडीवर. माझी मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिने विचारलं, आई, हिला मत मिळालं का? नाही म्हणून सांगताना फार जड गेलं.

बडोद्याची_लेक
😔 स्त्रियांवरून आठवलं. इंग्लंडच्या डर्बीत जवळजवळ अडीचशे वर्षांत फक्त सहा घोड्या जिंकल्यात, शेवटची १९१६ मध्ये. आपल्याकडे पहिलीच डर्बी घोडीने मारली. आणि २०१० ला जॅकलिन! वन थाउजंड आणि टू थाउजंड अशा दोन्ही गिनीज, ओक्स आणि डर्बी, मुंबईच्या चारही क्लासिक एका घोडीने. त्या दिवशी मी टीव्हीसमोर रडले होते.

बावधनचा_बाळ
महिला आरक्षण लागायच्या आधीच.

तबेल्यातला_पोरगा
इतके दिवस नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

पूर्वाताई, तुम्ही त्या सईसाबद्दल लिहिलंत म्हणून लिहावंसं वाटलं. माझे वडील सईस होते. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात महालक्ष्मी, घोडे ट्रकमधून घाट उतरायचे तेव्हा वडील आत घोड्याजवळ उभे. आम्ही गावाला, कधी सुट्टीत त्यांच्याकडे. घोडामैदान जवळच आहे असं मास्तर शाळेत म्हणायचे तेव्हा मला वाटायचं आमच्या वडिलांचंच बोलतायत.

ऐंशीच्या दशकात त्यांच्या हातातला एक घोडा डर्बीला उतरला. सांभाळायला दोन घोडे असायचे, त्यातला हा. तेव्हा मी दहा वर्षांचा. पहाटे चारला खरारा सुरू. रोज अर्धा तास चालायचा, त्या दिवशी दीड तास. मग हात फिरवून पाय तपासायचे, नळी गरम लागते का, कुठे पाय आखडतो का, डॉक्टर नंतर, आधी वडिलांचा तळहात. रोजची लोखंडी नाल काढून नालबंदाने ॲल्युमिनियमची ठोकली, शर्यतीची नाल वेगळी असते, इतकी हलकी की मला खेळण्यातली वाटली. दुपारनंतर पाण्याची बादली काढून घेतली. घोडा बादलीच्या जागेकडे बघायचा आणि मग वडिलांकडे बघायचा. वडिलांनीही त्या दिवशी पाणी घेतलं नाही. आईला हे कळलं तेव्हा ती चिडली होती, पण मला वाटतं तिला आवडलं होतं.

पॅडॉकमध्ये जॉकीला वर बसवलं, फाटकापर्यंत वडील लगाम धरून गेले आणि सोडला. तिथून पुढे सईसाचं काम संपतं. आम्ही खालच्या कठड्याशी. वडिलांनी शर्यत बघितलीच नाही, जमिनीकडे बघत होते, आवाज ऐकत होते. आमचा घोडा शेवटून दुसरा आला.

मालक भेटायला आले नाहीत. ट्रेनर एवढंच म्हणाले, पाय ठीक आहेत ना बघ. वडिलांनी घामाने फेसाळलेल्या घोड्यावर बादल्या ओतल्या, अंग निपटलं आणि तासभर गोल गोल चालवत राहिले, कारण तापलेला घोडा एकदम उभा केला तर आखडतो. अंधार पडला, सगळे स्टँड रिकामे, मी मागे मागे चालतोय. वडील त्याला म्हणत होते, झालं बाळा, झालं, आता नाही परत.

परळची_पूर्वा
मी ऑफिसात वाचलं आणि उठून बाहेर गेले. दादा, लिहीत राहा.

कोथरूड_कट्टा
आमच्या घरातला माणूस कठड्याच्या एका बाजूला होता आणि तुमचा दुसऱ्या. हे इतक्या वर्षांत डोक्यात आलं नव्हतं. वडिलांना नमस्कार सांगा.

न्यूजर्सी_निनाद
इथे केंटकी डर्बी मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी, १८७५ पासून, अंतर थोडं कमी, २००० मीटरच्या आसपास. सेक्रेटेरियटने १९७३ ला दोन मिनिटांच्या आत मारली, तो रेकॉर्ड अजून तसाच आहे. इथे पण तीनच वर्षांचे घोडे. मग भारतात चार का, हा पूर्वाताईंचा प्रश्न अजून लटकलाय की!

घोरपडी_एक्सप्रेस
हो, घोडं तिथेच पेंड खातंय. आकडा मांडून दाखवतो. आपल्याकडे आणि तिकडेही, थरोब्रेड कधीही जन्मला तरी वाढदिवस १ जानेवारीलाच धरतात. शिंगरं साधारण जानेवारी ते मे मध्ये जन्मतात. समजा एक शिंगरू मार्चमध्ये झालं. इंग्लंडात तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये डर्बी, म्हणजे खरं वय तीन वर्षं तीन महिने. आपली डर्बी त्यानंतरच्या फेब्रुवारीत, कारण मुंबईचा सीझनच हिवाळ्याचा, पावसाळ्यात तो ट्रॅक चालत नाही. त्या फेब्रुवारीत तेच शिंगरू खऱ्या हिशोबाने तीन वर्षं अकरा महिन्यांचं. कागदावर चार वर्षांचं होऊन महिनाच झालेला. डिसेंबरातली गिनीज तोच घोडा तीन वर्षांचा म्हणून पळतो आणि दोन महिन्यांनी डर्बी चार वर्षांचा म्हणून! तेव्हा फरक एका वर्षाचा नाही, आठ महिन्यांचा आहे.

सातारी_पशुवैद्य
अगदी बरोबर. आणि ते आठ महिने हाडांसाठी चांगलेच.

परळची_पूर्वा
अहो हे मी कुठेच वाचलं नव्हतं! आता कळलं. म्हणजे त्या रविवारी मी बघितलेले बहुतेक अजून चारही पूर्ण नव्हते.

इतिहास_वेडा
हरलेल्यांचं पुढे काय, यावर एक. पुण्यात पूनावालांचा स्टड फार्म १९४६ चा. त्यांचे निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेला जायचे, घोड्याच्या रक्तातून सर्पदंशावरची, धनुर्वातावरची लस आणि सीरम बनवायला. त्यातूनच स्वतःच सीरम काढावं ही कल्पना आली आणि १९६६ ला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. रेसच्या घोड्यांचं आपल्यावर एवढं ऋण आहे.

सातारी_पशुवैद्य
छोटी दुरुस्ती, घोड्याच्या रक्तातून मिळतं ते सीरम, लस नव्हे. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जायचं, त्याच्या शरीरात प्रतिविष तयार होतं, ते काढून माणसाला द्यायचं. साप चावलेला माणूस आजही त्यावरच वाचतो. बाकी मुद्दा पूर्ण मान्य.

मावळचा_गडी
रेसकोर्सच्या २११ एकरांतले १२० पार्कला जाणार म्हणे. घोडे राहणार ना तिथे?

घोरपडी_एक्सप्रेस
ट्रॅक राहतोय. त्यावर वेगळा धागा काढा, नाहीतर इथे दोनशे प्रतिसाद होतील.

परळची_पूर्वा
@तबेल्यातला_पोरगा, एक विचारू? तुमच्या घोड्याचं पुढे काय झालं? आणि वडील कसे आहेत?

तबेल्यातला_पोरगा
घोडा अजून दोन सीझन पळला, दोन छोट्या शर्यती जिंकला, मग पुण्याला एका रायडिंग शाळेत गेला. वडील सुट्टी मिळाली की जाऊन त्याला गूळ द्यायचे. तो पंधराव्या वर्षी गेला. वडील आता पंच्याहत्तरचे, गावाला असतात, हाताला कंप आहे पण गोठ्यातल्या बैलाला खरारा स्वतः करतात.

त्या दिवशीची एक नाल त्यांनी आणली होती. दारावर लावायची म्हणाले तर आजीने लावू दिली नाही. नाल लोखंडाची पाहिजे, काळ्या घोड्याची पाहिजे, ही पांढरी पत्र्याची कसली नाल, शनी हसेल म्हणाली. मग वडिलांनी ती देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवली. अजून तिथेच आहे. काल तुमचे प्रतिसाद त्यांना वाचून दाखवले तेव्हा उठून काढून आणली, हातात धरून पुढच्या कडेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, बघ, उजव्या बाजूला जास्त झिजलीये, वळणावर जोर लावला होता त्याने. पळाला होता रे तो.